दुपारचा खून, मध्यरात्रीचे भूत

पुण्यातील सर्वांत प्रसिद्ध भूत कोणते, असा प्रश्न विचारला तर उत्तरासाठी कोणी क्षणभरही थांबत नाही. शनिवारवाडा. अमावास्येची रात्र (काहींच्या मते पौर्णिमेची), ओस पडलेले चौथरे, आणि त्या काळोखातून येणारी हाक: ‘काका, मला वाचवा!’ दर काही महिन्यांनी या हाकेवर नवी चित्रफीत निघते. तीत कॅमेरा हलतो, पार्श्वसंगीत घुमते, आणि खाली शेकडो लोक लिहितात की आमच्या आत्याच्या शेजाऱ्यांनी ती स्वतः ऐकली आहे.

मला त्या भुताशी वाद घालायचा नाही. भूत आहे की नाही, हा या धाग्याचा विषय नाही. माझी तक्रार वेळेबद्दल आहे. ज्या खुनातून हे भूत जन्माला आले, तो खून रात्री झालाच नव्हता.

सोमवार, ३० ऑगस्ट १७७३. शके १६९५, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. दुपारचा साधारण एक.

हे तीन तपशील नीट पाहा. तिथी अमावास्येची नाही आणि पौर्णिमेचीही नाही. गणेशोत्सव चालू आहे, अनंत चतुर्दशी दुसऱ्या दिवसावर आली आहे. आणि सूर्य डोक्यावर आहे. जेवणाची वेळ आहे, वामकुक्षीची वेळ आहे. एखाद्या भयपटाच्या लेखकाने अशी वेळ सुचवली असती तर निर्मात्याने त्याला घरी पाठवले असते.

भयपटांचे शास्त्र वेगळे असते. तिथे खलपुरुषाला काळोख लागतो. २०१६ साली आलेला डेव्हिड सँडबर्ग यांचा ‘लाइट्स आउट’ हा इंग्रजी चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यातली ती आकृती दिवा बंद असेपर्यंतच असते. दिवा लावला की नाहीशी, मालवला की पुन्हा समोर, आणि आधीपेक्षा जवळ. कल्पना साधी आहे आणि म्हणूनच विलक्षण परिणामकारक आहे. कारण ती आपल्याला एक करार देऊ करते: उजेड असेल तोवर तुम्ही सुरक्षित.

हा करार किती अलीकडचा आहे, ते ऐकून आश्चर्य वाटेल. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतील ड्रॅक्युला दिवसा हिंडू शकतो. दिवसा त्याच्या शक्तीला मर्यादा पडतात, पण सूर्यकिरणांनी तो मरत नाही. लंडनच्या पिकाडिलीसारख्या गजबजलेल्या भागात, दिवसाउजेडी, कादंबरीतला एक तरुण त्याला ओळखतो आणि हादरून जातो. सूर्य उगवताच पिशाच नष्ट होते, ही गोष्ट रूढ केली ती १९२२ साली, मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाच्या ‘नोस्फेरातू’ या मूकपटाने. पुस्तकातल्या उमरावाला दिवसाची मुभा होती. पडद्याने ती काढून घेतली. तेव्हापासून पिशाचांची वस्ती रात्रीपुरती उरली आणि प्रेक्षकाला पहाटेचा आसरा मिळाला.

शनिवारवाड्यात नेमके हेच घडले आहे. फक्त इथे कादंबरी नव्हती, घडलेला इतिहास होता.

आता त्या दिवसाकडे वळू.

थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला गेले. जाण्यापूर्वी धाकट्या भावाचा हात त्यांनी काका रघुनाथरावांच्या हाती दिला, असे सांगितले जाते. नारायणराव पेशवे झाले तेव्हा सतरा वर्षांचे होते. पुढच्या काही महिन्यांत काका-पुतण्यांचे बिनसले, आणि १७७३ च्या एप्रिलमध्ये रघुनाथरावांना शनिवारवाड्यातच नजरकैदेत ठेवण्यात आले. ज्या वाड्यात पेशवा राहत होता, त्याच वाड्यात, काही दालने आणि चौक सोडून, त्याचा कैदीही राहत होता. दोघांचे स्वयंपाक, पूजा, पहारे, नोकर एकाच भिंतींच्या आत. ऑगस्टमध्ये काकांनी निसटण्याचा प्रयत्न केला आणि बंदोबस्त अधिक कडक झाला. इतक्या जवळ राहणाऱ्या दोन माणसांना एकमेकांविरुद्ध कारस्थान करण्यासाठी अंधाराची आवश्यकता नसते. नोकरांची ये-जा पुरेशी असते.

३० तारखेच्या सकाळी नारायणराव पर्वतीला गेले होते. सोबत हरिपंत फडके होते. वाड्यात काहीतरी शिजत असल्याची कुणकुण पेशव्यांच्या कानी आली होती. त्यांनी ती हरिपंतांना सांगितली आणि बंदोबस्त करण्यास बजावले. हरिपंत ‘करतो’ म्हणाले आणि आधी जेवायला गेले.

मी हा प्रसंग प्रथम वाचला तेव्हा पुस्तक खाली ठेवले होते. संपूर्ण कथेत मला याहून भयंकर काही आढळत नाही. तलवारीपेक्षा ते जेवण भयंकर आहे. कर्तबगार, निष्ठावान माणूस, पुढे बारभाईंच्या कारस्थानात मोलाची कामगिरी करणारा, आणि त्या एका दुपारी त्याला वाटले की एवढी घाई नाही. भर दिवस आहे. आता काय होणार?

एकच्या सुमारास गारदी वाड्यात शिरले. गारदी म्हणजे कवायती पायदळ. पानिपतावर इब्राहिमखानाच्या हाताखाली शर्थीने लढले ते गारदीच. इथे मात्र ते वाड्याच्या पहाऱ्यावरचे चाकर होते. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद युसूफ ही त्यांच्या म्होरक्यांची नावे. तोंडाने घोषणा एकच: थकलेला पगार द्या. हीसुद्धा दिवसाची भाषा आहे. पगार थकला म्हणून चाकरांनी दारात गोंधळ घालणे त्या काळी नित्याचे होते, त्यामुळे पहिल्या काही क्षणांत कोणाला फारसे वावगे वाटले नसेल. इच्छारामपंत ढेरे त्यांना दटावायला पुढे झाले आणि तिथल्या तिथे कापले गेले. चौकात एक गायही मारली गेली.

नारायणराव आधी पार्वतीबाईंच्या दालनाकडे धावले. या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी. बाईंनी सांगितले, काकांकडे जा. ते काकांकडे गेले. रघुनाथराव पूजेत होते. पुतण्याने त्यांना मिठी मारली आणि जीव वाचवण्याची याचना केली. तुळाजी पवार या काकांच्या सेवकाने त्यांना ओढून वेगळे केले, आणि सुमेरसिंगाने वार केला. चापाजी टिळेकर नावाच्या चाकराने धन्याच्या अंगावर स्वतःला झोकून दिले. त्यालाही त्याच जागी मारण्यात आले.

सारे अर्ध्या तासात आटोपले. नारायणरावांना अठरावे वर्ष पूर्ण होऊन फक्त वीस दिवस झाले होते.

अंधारात झाले ते फक्त पुढचे काम. दहन त्या रात्री घाईघाईने नदीकाठी उरकण्यात आले. ज्या दरवाजाने देह बाहेर नेला, त्याला आज नारायण दरवाजा म्हणतात.

आता भुताची गोष्ट या प्रसंगाशेजारी ठेवून पाहा. गोष्टीतून काय काय गळाले?

पहिली गळाली ती माणसे. गो. स. सरदेसायांनी दिलेल्या हिशेबानुसार त्या अर्ध्या तासात अकरा जण मेले: नारायणरावांसह सात ब्राह्मण, दोन मराठा चाकर आणि वाड्यातील दोन दासी. अकरांपैकी भूत एकाचेच झाले. मरणोत्तर हिंडण्याचा अधिकारही पेशव्यालाच. चापाजी टिळेकर कुठल्या अमावास्येला हाक मारतो? आणि त्या दोन दासी? त्यांची नावेही लोकस्मृतीत नाहीत, मग त्यांची हाक कुठून ऐकू येणार! मला हे खटकते. आपल्या भीतीलाही दर्जा आणि पदवी लागते.

दुसरे गळाले ते गुन्हेगार. भुताच्या गोष्टीत हाक आहे, पण जिच्यापासून वाचायचे ती व्यक्ती धूसर आहे. कुणीतरी काळोखातून येतो आणि मारतो. आणि जिथे एखादा चेहरा आवश्यक झाला, तिथे लोकांनी आनंदीबाईंचा चेहरा बसवला. ‘ध चा मा’ ही गोष्ट शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. रघुनाथरावांनी नारायणरावास ‘धरावे’ असे लिहिले, आनंदीबाईंनी खाडाखोड करून ‘मारावे’ केले. भाषेला त्यातून एक सुंदर वाक्प्रचार मिळाला हे खरे. पण अशी खाडाखोड केलेला कागद आजवर कोणालाही दाखवता आलेला नाही. मध्यरात्री, समईच्या उजेडात, बोरूने एक अक्षर फिरवणारी बाई: हे चित्र इतके नाट्यमय आहे की पुरावा मागण्याचे भानच राहत नाही. १९४४ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने ‘रामशास्त्री’ काढला. गजानन जागीरदार रामशास्त्री झाले आणि ललिता पवार आनंदीबाई. त्या जबरदस्त अभिनयानंतर कित्येक प्रेक्षकांच्या मनातून आनंदीबाईंची सुटका झाली नसणार. चित्रपट उत्तम आहे, अवश्य पाहा. फक्त तो दस्तऐवज म्हणून पाहू नका.

मग चौकशीत सापडले तरी कोण?

रामशास्त्री प्रभुणे यांनी काही आठवडे खपून छडा लावला. सरदेसायांनी दिलेली यादी मी जशीच्या तशी देतो, कारण या संपूर्ण धाग्यात मला सांगायचे आहे ते तिच्यात आहे. कटात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष गुंतलेले एकूण ४९ जण. त्यांपैकी गारदी १३. त्यांतले आठ हिंदू आणि पाच मुसलमान. उरलेल्यांत २६ ब्राह्मण, ३ प्रभू आणि ७ मराठे.

सावकाश वाचा. एकोणपन्नासांपैकी शस्त्र चालवणारे गारदी तेरा. बाकी छत्तीस! आणि त्या छत्तिसांत लेखणीवर आणि कारभारावर जगणाऱ्यांचा भरणा मोठा. निरोप नेणारे, वायदे करणारे, रक्कम ठरवणारे, कुठल्या वेळी कोणता पहारा कुठे असेल हे ठाऊक असणारे. ही सगळी दिवसाची माणसे आहेत. सकाळी स्नान-संध्या करून कामावर येणारी, संध्याकाळी घरी जाणारी. गारदी म्हणजे कोणी परके, क्रूर, काळोखातून उगवलेले, असे रंगवण्याची हौस असणाऱ्यांनी ते ‘आठ आणि पाच’ हे आकडे पाठ करावेत, आणि नंतर छत्तीस हा आकडा त्याहून अधिक पाठ करावा.

रामशास्त्रींनी रघुनाथरावांना दोषी धरले आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितले. पेशवेपद बळकावून बसलेल्या माणसाला, त्याच्या तोंडावर. मग ते पुणे सोडून वाईजवळ जाऊन राहिले. हेही दिवसाउजेडीच घडले. वाटल्यास असे म्हणा, की त्या प्रकरणात उजेडाचा खरा उपयोग करणारा एकच माणूस होता.

पुढची साखळी तुम्हाला ठाऊक आहे. विधवा गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनी त्यांना पुरंदरावर नेले आणि १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले, १७७५ चा सुरतेचा तह झाला, इंग्रज-मराठ्यांचे पहिले युद्ध पेटले आणि ते १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने थांबले. अर्ध्या तासाच्या कृत्याची किंमत नऊ वर्षे फेडावी लागली. भुताच्या गोष्टीत यातले काही येत नाही. तिथे इतिहास त्या हाकेपाशी गोठलेला असतो.

एक जुना आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो प्रामाणिक आहे. कोणी म्हणेल, ‘अहो, लोककथा आहे. तिला तिथीवार कशाला विचारता? भुते रात्रीच यायची.’

पण हेही खरे नाही! निदान आपल्याकडे तरी नाही. आपल्या आज्यांना विचारा. पिंपळाखाली जाऊ नको, असे त्या कोणत्या वेळेबद्दल सांगत असत? तिन्हीसांजेबद्दल तर खरेच, पण तितक्याच धाकाने भर दुपारी बाराबद्दलही. मुंजा पिंपळावर असतो, हडळ विहिरीच्या काठी असते, आणि टळटळीत उन्हात, सगळे गाव जेवून आडवे झालेले असताना, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, लहान मुलांनी बाहेर पडायचे नसते. ही आपली जुनी समज. दुपारच्या निर्जनतेला रात्रीइतकेच घाबरावे, हे तिला कळले होते. दिवसाढवळ्या हा शब्द आपण आजही गुन्ह्यासाठीच वापरतो, आणि तो उच्चारताना आपल्या आवाजात जो संताप येतो तो रात्रीच्या चोरीसाठी येत नाही.

म्हणजे दुपारच्या भीतीची परंपरा आपल्याजवळ होती, आणि दुपारचा खूनही होता. दोन्ही एकमेकांना बेतशीर बसत होते. तरीही आपण तो प्रसंग उचलून मध्यरात्रीत नेऊन ठेवला. मला वाटते, कारण मध्यरात्र सोयीची होती. रात्रीच्या गुन्ह्यात पाहणाऱ्याला सबब असते: दिसले नाही. दुपारी एक वाजता, भरलेल्या वाड्यात, भरलेल्या पेठांच्या मध्यभागी, आरडाओरडा होत असताना ही सबब चालत नाही. मग एकच प्रश्न उरतो, की इतके सारे लोक होते तर मध्ये पडले किती? चापाजी पडला. इच्छारामपंत पुढे झाले. आणखी कोण?

आता थोडे आडवळण घेतो. पुण्याच्या रात्रीला खरोखर भ्यावे असा एक प्रसंग घडलेला आहे, आणि गंमत अशी की त्याचे भूत नाही.

घाशीराम सावळादास १७७७ पासून शहराचा कोतवाल होता. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडेल त्याला चौकीत नेणारा. नाना फडणिसांचा वरदहस्त असल्याने त्याला विचारणारे कोणी नव्हते. १७९१ च्या ऑगस्टमध्ये काही तेलंगी ब्राह्मणांना त्याच्या लोकांनी पकडले आणि एका कोंदट, बंद खोलीत डांबले. सकाळी दार उघडले तेव्हा त्यांतले वीसहून अधिक जण गुदमरून मेलेले होते. शहर उसळले, आणि ३१ ऑगस्टला संतप्त जमावाने घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले. विजय तेंडुलकरांचे १९७२ चे नाटक तुम्हाला ठाऊक असेल. ते इतिहासाचे पुस्तक नाही आणि तसा त्याचा दावाही नव्हता, पण ही गोष्ट लोकांच्या स्मरणात राहिली ती मुख्यतः त्यामुळे.

इथे काळोख अस्सल होता. हवा नसलेल्या खोलीतला, आतून दार बडवणाऱ्यांचा काळोख. पण त्या दाराला कडी होती, ती सरकारी होती आणि ती बाहेरून लावणाऱ्याला पगार मिळत होता. त्या खोलीच्या हाका रात्री ऐकू येतात असे सांगणारा एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही. माझा तर्क असा की, ज्या काळोखाला जबाबदार माणसाचे नाव चिकटलेले असते, त्याचे भूत होत नाही. भूत होण्यासाठी नाव पुसले जावे लागते.

भयकथा हा प्रकार मी हीन मानतो, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. नारायण धारपांच्या पुस्तकांनी माझ्याही कित्येक रात्री खाल्ल्या आहेत. आणि राही अनिल बर्वे यांचा २०१८ चा ‘तुंबाड’, ज्याला धारपांच्या कथेची प्रेरणा आहे आणि श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण करून देणारे नाव आहे, तो मी पुन्हा पुन्हा पाहतो. त्यातला हस्तर अंधाऱ्या गर्भात राहतो. तो वर येत नाही. माणूस दोर बांधून त्याच्याकडे उतरतो, कारण माणसाला मोहरा हव्या असतात. आणि वर आल्यावर तोच माणूस पांढरे कपडे घालून पुण्यात येतो, व्यवहार करतो, प्रतिष्ठित म्हणून वावरतो. सासवडच्या ज्या पुरंदरे वाड्यात त्याचे काही चित्रण झाले, त्या वाड्याचे धनी पेशव्यांचे जवळचे सहकारी, हा योगायोग मला उगीचच आवडतो. या चित्रपटाचे मोठेपण असे की तो प्रेक्षकाला ‘लाइट्स आउट’चा करार देत नाही. राक्षस काळोखात आहे, पण हिशेबाची वही उजेडात लिहिली जाते.

शनिवारवाड्याच्या गोष्टीत मला असा एखादा कथाकार हवा आहे. पगार थकल्याचा आरडाओरडा, पूजेत बसलेले काका, जेवायला गेलेला कारभारी, आणि बाहेर गणपतीच्या दिवसांतले शहर. यात अंधाराचा एक थेंब नाही, आणि तरी अंगावर काटा येतो.

वाड्याविषयी दोन गोष्टी सांगून थांबतो, कारण भेट देणाऱ्या तरुणांना त्या क्वचितच सांगितल्या जातात.

१० जानेवारी १७३० रोजी पायाभरणी झालेला आणि १७३२ मध्ये उभा राहिलेला तो वाडा २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागून भस्मसात झाला. आग सात दिवस धुमसत होती असे सांगतात. नारायणराव ज्या दालनांतून धावले, ज्या जिन्यांवरून उतरले, ज्या देवघरापाशी पोहोचले, त्यांतले काहीही आज शिल्लक नाही. तट, दरवाजे, कारंजी आणि चौथरे उरले आहेत. हाक मारणाऱ्याला धावण्यासाठी मार्गच उरलेला नाही. हा तपशील मी एकदा एका हौशी मार्गदर्शकाला ऐकवला. तो क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, ‘मग तो हवेत धावत असेल.’ पुण्यात उत्तर न मिळणे अशक्य.

दुसरी गोष्ट वेळेचीच. संध्याकाळी वाडा प्रेक्षकांना बंद होतो. त्यामुळे ज्या रात्री हाक ऐकू येते म्हणतात, त्या रात्री आत कोणी नसते, आणि ज्या वेळी खरोखर हाक मारली गेली, त्या वेळी तिकिटाच्या खिडकीपाशी रांग असते.

तेव्हा यंदा असे करा. भाद्रपद शुद्ध त्रयोदशीला, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, शहर ढोल-ताशांनी भरलेले असताना, दुपारी एकच्या आधी दिल्ली दरवाजातून आत जा. ऊन असेल तर टोपी न्या, भाद्रपदातला उकाडा वाईट असतो. चौथऱ्यांवरून चालत जा. हिरवळीवर डबे उघडून बसलेली कुटुंबे दिसतील, शाळेच्या सहलीतली पोरे एकमेकांच्या मागे पळताना दिसतील, आणि बाहेरच्या मंडपातला आवाज इतका असेल की शेजारच्याने मारलेली हाकही तुम्हाला नीट ऐकू येणार नाही. परतताना नारायण दरवाजापाशी थोडे थांबा. सोबत कोणी लहान असेल आणि त्याने विचारले की इथे काय झाले, तर त्याला पेशव्यांचे नाव सांगाच, पण चापाजी टिळेकराचेही सांगा. आणि त्या दोन बाईमाणसांचा उल्लेख करा, नावे ठाऊक नसली तरी.